हिंदी वर्तमानपत्राची दोनशे वर्षे आणि आपण

यंदाच्या २०२६ सालात पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन तारखा येतात. २३ एप्रिलला पंडित माधवराव सप्रे यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होतात आणि ३० मे रोजी हिंदीतल्या पहिल्या वर्तमानपत्राला, ‘उदन्त मार्तण्ड’ला, दोनशे. दुसरी तारीख कोणी विसरणार नाही, कारण ३० मे हा दिवस दरवर्षी ‘हिंदी पत्रकारिता दिवस’ म्हणून पाळला जातो. पहिली तारीख मात्र आपल्या मराठी घरांतून किती जणांच्या लक्षात राहील, याची आम्हाला शंका आहे. या दोन तारखांचा एकमेकींशी आणि आपल्याशी काय संबंध आहे, ते सभासदांपुढे ठेवावे म्हणून हे लिहीत आहोत.

इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर, कुठेही जा, आपल्या बहुतेक घरांत सकाळी दारात पडते ते हिंदी वर्तमानपत्र. मराठी दैनिक पूर्वी टपालाने शिळे होऊन यायचे, आता मोबाइलवर दिसते. पण नळाला पाणी कधी येणार, शाळेची फी किती वाढली, कोण वारले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या हिंदीतूनच वाचत आलो आहोत. तरीही ते ‘त्यांचे’ वर्तमानपत्र, असेच आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे की ते तितकेच आपलेही आहे, कारण ते घडवण्यात आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे. एके काळी ते घडवणारे आपण आज त्यात नुसते छापून येणारे झालो आहोत, आणि खरे नुकसान तिथे आहे.

परगावात जन्मलेले पत्र

‘उदन्त मार्तण्ड’ निघाले ते काशीला नाही, प्रयागला नाही, कानपूरलाही नाही. ते ३० मे १८२६ रोजी कलकत्त्यात निघाले. संपादक पंडित जुगलकिशोर शुक्ल हे मूळचे कानपूरचे, कामानिमित्त कलकत्त्यात स्थायिक झालेले. बंगाली, फारसी आणि इंग्रजीत पत्रे निघतात आणि ‘हिंदुस्थानियां’साठी एकही नाही, ही त्यांची खंत होती. साप्ताहिक दर मंगळवारी निघे. वाचक मात्र शेकडो मैल दूर उत्तरेत होते, टपालखर्च परवडत नव्हता आणि सरकारने टपालात सवलत दिली नाही. ७९ अंक काढून डिसेंबर १८२७ मध्ये ते बंद पडले.

म्हणजे हिंदी वर्तमानपत्र जन्माला आले तेच आपल्यासारख्या, आपला मुलूख सोडून दुसऱ्याच्या गावात घर केलेल्या माणसाच्या हातून. पुढेही बराच काळ असेच चालले. हिंदीतले पहिले दैनिक ‘समाचार सुधावर्षण’ १८५४ मध्ये कलकत्त्यातूनच निघाले आणि त्याचे संपादक श्यामसुंदर सेन बंगाली होते. १८७८ चे ‘भारतमित्र’ कलकत्त्याचे. खेमराज श्रीकृष्णदास यांचे ‘श्रीवेंकटेश्वर समाचार’ १८९६ मध्ये मुंबईत सुरू झाले. आज ज्याला ‘हिंदी पट्टा’ म्हणतात, त्याच्याबाहेर हिंदी वर्तमानपत्राचे बरेचसे बालपण गेले. वर्तमानपत्राची हिंदी ही कोण्या एका प्रांताची बोली राहिली नाही, त्याचे एक कारण हेही आहे.

थत्ते, सप्रे, पराडकर

आपली माणसे या कामात किती लवकर उतरली ते पाहण्यासारखे आहे. राजा शिवप्रसाद यांच्या आश्रयाने १८४५ मध्ये काशीतून ‘बनारस अखबार’ निघाले. लिपी नागरी, भाषा मात्र फारसी शब्दांनी भरलेली, म्हणून त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. त्याचे संपादक होते गोविंद रघुनाथ थत्ते. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले १८३२ साली. त्यानंतर तेरा वर्षांच्या आत एक थत्ते काशीत हिंदी पत्र चालवत होते.

माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावचा. घरची भाषा मराठी. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी छत्तीसगढमधल्या पेंड्रा या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे सोबती, म्हणजे तिघेही मराठी. तिघांनी मिळून तीन वर्षे हिंदी मासिक चालवले आणि तोटा असह्य झाला तेव्हा थांबवले. हिंदीतल्या सुरुवातीच्या कथांमध्ये गणली जाणारी सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ याच मासिकात १९०१ मध्ये आली.

१९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढले. टिळकांचे विचार हिंदी वाचकापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचवणे हा उद्देश होता. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्र दिले आणि ते सुटले, पण त्याची टोचणी त्यांना कायम राहिली. काही काळ ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि रामदासी पंथाकडे वळले. या एकांतातून बाहेर आले ते ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद घेऊन, पुढे ‘गीतारहस्या’चाही हिंदी अनुवाद त्यांनीच केला. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले, माखनलाल चतुर्वेदी संपादक झाले, त्यामागेही सप्र्यांची प्रेरणा होती. एका माणसाच्या आयुष्यातून रामदास, टिळक आणि माखनलाल असे तिघे जोडले गेले. हिंदी आणि मराठी यांच्यातला पूल म्हणताना आपण असाच माणूस डोळ्यांपुढे आणायला हवा.

तिसरे नाव बाबूराव विष्णू पराडकर. जन्म १८८३, काशी. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर हे बंगालीत लिहिणारे मराठी पत्रकार, ‘देशेर कथा’ या गाजलेल्या पुस्तकाचे कर्ते. पराडकरांनी त्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद केला. कलकत्त्यात ‘हिंदी बंगवासी’, ‘हितवार्ता’, ‘भारतमित्र’ अशी पत्रे करत असताना क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून १९१६ मध्ये ते स्थानबद्ध झाले. सुटल्यावर काशीला परतले. शिवप्रसाद गुप्त यांनी ५ सप्टेंबर १९२० रोजी ‘आज’ हे दैनिक सुरू केले आणि पराडकर त्याचा कणा बनले. १९३० च्या सत्याग्रहात छापखान्यांवर बंधने आली तेव्हा ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक काशीत लपूनछपून छापून वाटले जाई, त्याचे सूत्रधार पराडकरच. लक्ष्मण नारायण गर्दे हे आणखी एक काशीकर मराठी. त्यांनी ‘भारतमित्र’चे संपादन केले.

१९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून पराडकर जे बोलले ते हिंदी पत्रकारितेच्या प्रत्येक चर्चेत आजही निघते. पुढच्या काळात पत्रे देखणी होतील, पाने वाढतील, पैसा येईल, चित्रे येतील. पण त्यांतला प्राण जाईल आणि संपादकाचे स्वातंत्र्य उरणार नाही, असा त्यांचा आशय होता. त्याला आता शंभर वर्षे झाली. ते कितपत खरे ठरले याकडे पुढे वळूच.

अक्षर आपले, शब्दही आपले

हिंदी वर्तमानपत्रावरचा आपला ठसा माणसांपुरता नाही. जुनी काशी-कलकत्त्याची हिंदी पुस्तके पाहिली तर त्यातला ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ आजच्याहून वेगळा दिसतो. त्या काळी देवनागरी खिळ्यांची दोन वळणे होती, एक कलकत्त्याकडचे आणि एक मुंबईचे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासारख्या ठिकाणी घडलेले मुंबईचे वळण सुबक म्हणून पसरत गेले, आणि पुढे हिंदीची लिपी प्रमाणित झाली तेव्हा या अक्षरांची मुंबईकडचीच रूपे घेतली गेली. आज सकाळच्या हिंदी पेपरात दिसणारा ‘अ’ हा या अर्थाने मुंबईकर आहे.

शब्दांचेही तसेच. ‘प्रगति’, ‘लागू’, ‘चालू’, ‘वाङ्मय’ हे शब्द हिंदीने मराठीकडून घेतले असे हिंदीचे अभ्यासकच सांगतात. ‘राष्ट्रपति’, ‘सर्वश्री’, ‘मुद्रास्फीति’ असे शब्द रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. रोजच्या बातमीसाठी नवा शब्द हवा असे, रात्री फॉर्म छापायला जायच्या आत तो ठरवावा लागे, आणि तो ठरवणाऱ्याच्या डोक्यात हिंदी, बंगाली, संस्कृत यांबरोबर मराठीही असे.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली आणि आपल्या घरांतल्या गमतीजमतीही त्यातूनच आल्या. ‘शिक्षा विभाग’ वाचून इथे शिक्षा करणारे खाते आहे असे वाटणारा नवखा पाहुणा, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न की थट्टा असा पडणारा घोळ, हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे तडजोडीचा कागद आणि मराठीत नोकरी सोडल्याचा. दोन्ही अर्थ एकाच डोक्यात सुखाने नांदतात, हे मालव्यातल्या मराठी माणसाचे वैशिष्ट्यच म्हणायचे.

इंदूरचे दैनिक

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ५ जून १९४७ रोजी इंदुरात ‘नई दुनिया’ सुरू झाले. पुढे त्याचे संपादक झाले राहुल बारपुते (१९२२–१९९६). कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी, नाट्यकर्मी बाबा डिके आणि बारपुते या मित्रांचे वर्तुळ आपल्यातल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. ही चौघेही घरी मराठी बोलणारी माणसे, पण त्यांचे काम साऱ्या शहराचे. त्यामुळे ‘नई दुनिया’ने संगीत, नाटक आणि चित्रकलेला दिलेली जागा ही ‘मराठी समाजाची बातमी’ नसे, ती इंदूरची बातमी असे.

दैनिकाचा दर्जा कशाने ठरतो, याचा धडा त्या काळच्या ‘नई दुनिया’त मिळतो. प्रांतिक शहरातून निघूनही जगाच्या घडामोडींवर राजेंद्र माथुर तिथे सातत्याने लिहीत. संपादकाला आलेली वाचकांची पत्रे अग्रलेखाइतक्या आस्थेने वाचली जात. भाषा शुद्ध पण सोपी ठेवण्याचा आग्रह असे. पुढे ‘नवभारत टाइम्स’चे संपादक झालेले माथुर आणि १९८३ मध्ये दिल्लीत ‘जनसत्ता’ उभे करणारे प्रभाष जोशी, दोघेही याच घरातून गेले. म्हणजे दिल्लीच्या हिंदी पत्रकारितेचा एक मोठा कालखंड इंदुरात तयार झाला. २०१२ मध्ये हे दैनिक जागरण समूहाकडे गेले.

विस्तार आणि त्याची किंमत

आणीबाणी उठल्यानंतर हिंदी वाचकाची भूक एकदम वाढली. साक्षरता, रस्ते, वीज आणि ऑफसेट छपाई यांची साथ मिळाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस हिंदी दैनिकांच्या एकूण खपाने इंग्रजी दैनिकांना मागे टाकले. त्यानंतरची स्पर्धा आपण पाहिलीच आहे. १९९६ मध्ये ‘दैनिक भास्कर’ने जयपूर आवृत्ती काढण्याआधी सुमारे दोन लाख घरांत माणसे पाठवून लोकांना काय वाचायचे आहे हे विचारले. हीच पद्धत पुढे गुजरातीत ‘दिव्य भास्कर’ आणि २०११ पासून ‘दिव्य मराठी’च्या रूपाने महाराष्ट्रातही गेली. शंभर वर्षांपूर्वी ‘केसरी’ हिंदीत आला होता; आता हिंदी समूहाचे दैनिक मराठीत आले. प्रवाह उलटा झाला.

या विस्ताराचा फायदा खरा आहे. बंद पडलेला हातपंप, शाळेत न येणारे मास्तर, मंडीतला सोयाबीनचा भाव अशा बातम्यांना राजधानीच्या पत्रात कधीच जागा नव्हती. तालुक्याच्या माणसाचे नाव पहिल्यांदा छापून आले ते याच काळात. २०२१ च्या करोना लाटेत भोपाळच्या स्मशानांतली मोजदाद सरकारी आकड्यांशेजारी ठेवून ‘भास्कर’ने छापली, गंगेच्या काठावरची प्रेते दाखवली. हिंदी दैनिकात अजून प्राण आहे, याचा तो पुरावा होता.

पण किंमतही मोठी मोजावी लागली. पहिली किंमत विश्वासाची. १९३१ च्या कानपूर दंगलीत लोकांना वाचवताना ‘प्रताप’चे गणेश शंकर विद्यार्थी मारले गेले; साठ वर्षांनी अयोध्या प्रकरणात काही मोठ्या हिंदी दैनिकांनी अफवांना हवा दिली म्हणून प्रेस कौन्सिलला ताशेरे ओढावे लागले. २००९ च्या निवडणुकीत पैसे घेऊन प्रचार बातमी म्हणून छापल्याचे उघड झाले, तेव्हा प्रभाष जोशी आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत त्याविरुद्ध गावोगाव बोलत फिरले. पराडकरांचा इशारा आठवावा तो इथे.

दुसरी किंमत आपल्याला थेट लागू आहे. प्रत्येक जिल्ह्याची वेगळी पाने झाल्यापासून देवासची बातमी इंदूरला कळत नाही आणि इंदूरची उज्जैनला. मराठी समाज या सगळ्या गावांतून विखुरलेला; पूर्वी एका दैनिकाने तो जोडला जाई, आता पानांनी तो तोडला आहे. शहरातल्या पानावर आपल्याला मिळते ती एक चौकट: गणेशोत्सव, गुढीपाडवा, हळदीकुंकू, आणि दीपप्रज्वलनाचे छायाचित्र. आपणही विज्ञप्ती पाठवतो ती मान्यवरांच्या नावांची यादी म्हणूनच. ती छापून आली की कात्रण चिकटवतो आणि समाधान मानतो. बारपुत्यांच्या काळात आपण शहराच्या चर्चेत बोलत होतो. आज आपण शहराच्या सणांच्या यादीत आहोत.

सक्ती वेगळी, स्वीकार वेगळा

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्यावरून मोठा वाद झाला आणि जूनअखेरीस सरकारने ते निर्णय मागे घेतले. त्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी आपल्याला विचारले, तुम्ही कोणाच्या बाजूचे? शेजाऱ्यांनीही तेच विचारले, जरा वेगळ्या सुरात.

वरच्या इतिहासातून आम्हाला मिळणारे उत्तर असे. थत्ते, सप्रे, पराडकर, बारपुते यांना हिंदीत लिहा असे कोणी फर्मावले नव्हते. ज्या गावात राहतो त्या गावाशी त्याच्या भाषेत बोलले पाहिजे, हे त्यांनी आपण होऊन ठरवले, आणि ते करताना मराठी सोडली नाही. सक्तीला विरोध करणे आणि हिंदीचा तिरस्कार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला समजू शकते, दुसरी आपल्या घराच्या इतिहासात बसत नाही.

‘हिंदीने आपली मराठी खाल्ली’ हे वाक्यही आपल्या बैठकांत वारंवार ऐकू येते. ते आम्हाला पटत नाही. बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव इथल्या आपल्या बांधवांच्या मुलांना शाळेच्या आणि रस्त्याच्या लिपीहून निराळी लिपी मराठीसाठी शिकावी लागते. आपल्या मुलांना ती अडचण नाही. हिंदी वर्तमानपत्र भराभर वाचणारे मूल उद्या मराठी पुस्तक उघडू शकते, अक्षरे त्याची ओळखीचीच असतात. खरी काळजी वेगळी आहे. इंग्रजी शाळेतले मूल आता हिंदी वर्तमानपत्रही वाचत नाही, घरच्यांना निरोपही रोमन अक्षरांत पाठवते. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या घरात देवनागरी नजरेस पाडणारी रोजची गोष्ट बहुधा हे एकच वर्तमानपत्र आहे. ते बंद झाले तर हिंदीबरोबर मराठीचीही वाट बुजेल.

आपण काय करू शकतो

मोठे संकल्प सोडण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी जुने अंक, कात्रणे, संपादकांची पत्रे किंवा वार्ताहर म्हणून काम केलेल्या वडीलधाऱ्यांची कागदपत्रे आहेत त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा विचार करावा. भोपाळचे माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय १९८४ पासून नेमके हेच काम करीत आहे. सप्र्यांच्या नावाची ही संस्था आपल्या राजधानीत आहे, आणि सहलीला भोपाळला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे?

मंडळाची विज्ञप्ती लिहिताना व्यासपीठावर कोण होते याआधी व्याख्यात्याने काय सांगितले ते चार ओळींत लिहावे. वार्ताहराला बातमी दिली तर तो बातमी छापेल. यादी दिली तर यादीच छापली जाणार. शहराचे पाणी, झाडे, जुने वाडे, वाचनालये यांवर आपल्यातले जाणते लोक हिंदीत पत्रे लिहू लागले तर चौकटीबाहेर पडायला वेळ लागणार नाही.

आणि घरात, आठवड्यातून एकदा तरी, नातवाने हिंदी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचावी आणि आजी-आजोबांना ती मराठीत सांगावी. सप्र्यांनी ‘हिंदी केसरी’त केले ते हेच काम, फक्त उलट दिशेने. ज्या सभासदांच्या कुटुंबांतून कोणी हिंदी पत्रांत काम केले असेल, त्यांनी नावे, वर्षे आणि आठवणी मंडळाकडे लिहून पाठवाव्यात. आलेली माहिती याच जागी क्रमाने देत जाऊ.